घोडी का अडली

मैना आमच्या दावणीला आली त्या वर्षी मी सहावीत होतो. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आणली. दत्तजयंतीला तापीच्या काठी ही यात्रा भरते. लांबलांबून व्यापारी घोडे घेऊन उतरतात, आणि घोड्याबरोबर खोगीर, रिकिबी, तंग, झुली असं सगळंच तिथे मिळतं. मैनेसाठी अण्णांनी कर्ज काढलं होतं. चार वर्षांची तांबूस घोडी, कपाळावर बोराएवढा पांढरा ठिपका, कान सारखे हलते. नेरळला टेम्पोतून उतरवून घाटाने चालवत तिला वर माथेरानला आणली, तेव्हा आईने तिच्या पायांवर पाणी घातलं आणि भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

आमचं पोट घोड्यावर. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच येतात. तेव्हा पुढे पायी चालायचं, नाहीतर मिनी ट्रेन, हातरिक्षा किंवा घोडा. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, उभा जन्म त्या लाल रस्त्यावर घोड्यांबरोबर धावून काढला होता. गुडघे गेले तसे ते तबेल्यासमोरच्या ओट्यावर बसून असत आणि काम अण्णांनी हातात घेतलं.

पहिल्याच महिन्यात मैनेने जिवाला घोर लावला. पॅनोरमा पॉइंटच्या वाटेवर झाडावरून माकडाने पुढ्यात उडी मारली आणि ती उधळली. पाठीवर मुंबईच्या एक बाई होत्या. अण्णांनी शेजारून धावत लगाम धरला, सगळा जोर लावून ओढला, तरी ती थांबेना. उलट जितका ओढावा तितकी पुढे. शेवटी वाट दरीच्या बाजूला वळायच्या आधी ती एका जांभळीच्या खोडाशी अडकली आणि थांबली. बाईंना खरचटलं, तेवढ्यावर निभावलं. अण्णा मात्र त्या रात्री जेवले नाहीत. मला आज कळतं की त्यांना राग आला नव्हता, ते घाबरले होते. पण घाबरलेला माणूस जे करतो ते रागावलेल्या माणसासारखंच दिसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून नवा लगाम काढला. जत्रेतल्या एका दुकानदाराने घोडीबरोबरच तो त्यांच्या गळ्यात मारला होता. तोंडात जाणाऱ्या दांडीला दोन्ही अंगांना करवतीसारखे दाते, आणि ओठांच्या कोपऱ्यांशी येणाऱ्या कड्यांना आतून खिळ्याच्या टोकाएवढे उंचवटे. काटेरी लगाम. तो घातला आणि मैना एका बोटाच्या ओढीला थांबायला लागली. अण्णांच्या जिवात जीव आला. मलाही वाटलं, चला, घोडी सुधारली.

हे आठ-दहा दिवस चाललं. मग ती मान झटकायला लागली. लगाम घेऊन कोणी जवळ आलं की डोकं थेट वाशांपर्यंत वर. चालताना जीभ एका बाजूने बाहेर लोंबायची. माथेरानची माती लाल. घोड्याच्या पायांपासून आमच्या शाळेच्या सदऱ्यांपर्यंत सगळ्यावर तिचा रंग बसतो. त्यामुळे मैनेच्या तोंडाला लालसर फेस दिसला तेव्हा मी तो धूळ म्हणून पुसून टाकला. एकदा नाही, तीनदा पुसला. ते मला अजून विसरता येत नाही.

मे महिन्यातल्या एका रविवारी, दस्तुरीवर गिऱ्हाइकांची झुंबड असताना, मैना अडली. पुढे जाईना, मागे येईना. चारी पाय रोवून, मान ताठ करून उभी. अण्णांनी चुचकारलं, मग ओढलं, मग सगळ्यांदेखत तिच्या मानेवर एक चापट ठेवून दिली. ती तसूभर हलली नाही. भोवती पोरं जमली. त्यातल्या एकाने ते जुनं कोडं काढलं, भाकरी का करपली, घोडा का अडला. सगळे एका सुरात ओरडले, ‘न फिरवल्यामुळे!’ अण्णांनी मान खाली घालून गिऱ्हाइकाला दुसऱ्याचा घोडा करून दिला आणि मैनेला घरी आणलं. घराकडे मात्र ती चालली.

आबा ओट्यावरच होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, ‘‘गोष्टीतला घोडा न फिरवल्यानं अडला. ही फिरवूनच अडलीय. आण इकडं.’’

त्यांनी आधी लगाम काढायला सांगितला. मग काठी टेकत उठून मैनेच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि बराच वेळ नुसतेच तिचा गळा खाजवत राहिले. तिची मान खाली आल्यावर ओठांच्या कोपऱ्यातून अंगठा आत सरकवला. घोडा तिथे चावत नाही, कारण तिथे त्याला दातच नसतात. पुढचे कातरायचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये चार बोटं मोकळी हिरडी असते. लगामाचं लोखंड बसतं ते त्या मोकळ्या जागेत आणि जिभेवर. तोंड उघडल्यावर आबांनी आत डोकावलंच नाही. अण्णांना म्हणाले, ‘‘तू बघ रे जरा. माझे डोळे अधू झालेत.’’

आबांचे डोळे अधू नव्हते. रात्री दिव्याच्या उजेडात ते सुईत दोरा ओवायचे.

अण्णांनी वाकून पाहिलं. मी त्यांच्या काखेखालून पाहिलं. जिभेवर आडवा काळानिळा पट्टा होता. खालच्या हिरडीवर दोन्ही बाजूंना जखमा, डावीकडची पिवळी पडलेली. ओठांचे कोपरे उन्हाळ्यातल्या टाचांसारखे फाटलेले. अण्णा काही बोलले नाहीत. आबाही त्यांना काही बोलले नाहीत. त्यांनी मला जवळ बोलावलं.

‘‘पोरा, चड्डीखाली नडगी चाचप. काय लागतं हाताला?’’

‘‘हाड.’’

‘‘त्याच्यावर मांस?’’

‘‘नाही. नुसतं कातडं.’’

‘‘तिच्या तोंडातली ती जागा तशीच. कातड्याखाली लगेच हाड.’’ त्यांनी काटेरी लगाम उचलून माझ्या नडगीवर आडवा ठेवला आणि दोन बोटांनी, खरंच दोनच बोटांनी, मागे ओढला. मी कळवळून पाय मागे घेतला. आबांनी लगाम त्याच क्षणी सैल सोडला.

‘‘तू पाय मागं घेतलास. तिनं तोंड कुठं न्यायचं? तोंड तर तिच्याबरोबरच जातं. घोड्याला शिंगं नाहीत, नख्या नाहीत. पळणं एवढंच त्याच्या हातात. दुखलं की ते पळतं. आपण ओढतो, आणखी दुखतं, ते आणखी पळतं. आणि पळूनही दुखणं सुटत नाही असं कळलं की मग एक दिवस उभं राहतं. अडलं म्हणतो आपण.’’

अण्णांनी हलक्या आवाजात विचारलं, ‘‘मग आता काय करू, आबा?’’

‘‘तोंड बरं होईपर्यंत लोखंड नको.’’

मे महिना म्हणजे आमच्या सुगीचे दिवस. जूनमध्ये पाऊस लागला की गिऱ्हाईक जातं आणि पुढचे चार महिने साठवलेल्यावर काढायचे. आणि डोक्यावर कर्जाचा हप्ता. तरीही अण्णांनी ऐकलं. मैनेच्या तोंडावर नुसती म्होरकी चढवून ते तिला हाताने धरून चालवायचे, पाठीवर दुकानदारांच्या किराण्याची पोती. माणूस वाहण्याच्या मानाने पैसे कमी, पण दाण्यापुरते सुटत. मी सकाळ-संध्याकाळ कोमट मिठाच्या पाण्याने तिचं तोंड धुवायचो. आई गव्हाचा कोंडा भिजवून द्यायची, कारण हरभरा चावताना तिला त्रास व्हायचा.

पशुवैद्यक डॉक्टर आले तेव्हा खरी मेख कळली. वरच्या जबड्यात पहिल्या दाढेच्या पुढे वाटाण्याएवढा एक फुकट दात होता. काही घोड्यांना तो असतो, काहींना नसतो, आणि चघळायला त्याचा काडीचा उपयोग नाही. लोखंड मागे ओढलं की ते त्या दाताशी ठेचत होतं. म्हणजे काटेरी लगामाच्या आधीही, माकडाने उडी मारली त्या दिवशीही, अण्णा थांब म्हणून ओढत होते आणि मैनेच्या तोंडात कळ जात होती. डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन तो दात काढला. जाताना भिंतीवरचा काटेरी लगाम पाहून थांबले. म्हणाले, ‘‘ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. काटेरी लगाम, काटेरी दांडकं, दोन्हींना बंदी आहे. माहीत होतं?’’ अण्णांना माहीत नव्हतं. तो लगाम त्यांनी खुंटीवरून काढला नाही, पण त्याचं तोंड भिंतीकडे केलं.

जून उजाडला. पाऊस सुरू झाला, मिनी ट्रेन बंद झाली, बाजार रिकामा झाला. मैनेच्या हिरड्या गुलाबी झाल्या. एका दुपारी आबांनी माळ्यावरचा पत्र्याचा पेटारा उतरवायला सांगितला. त्यात त्यांच्या आयुष्यभराचे लगाम होते, तेल लावून फडक्यात गुंडाळलेले. एक बारीक पीळ दिलेल्या तारेचा. एकाला लांब दांड्या आणि हनुवटीखाली येणारी साखळी. एक मधोमध एका सांध्यावर मोडणारा. एक रबराचं वेष्टण असलेला, सरळ. एक चांगला अंगठ्याएवढा जाड. आणि एक गुळगुळीत, दोन सांध्यांचा, मधे शेंगदाण्यासारखा चपटा तुकडा असलेला.

‘‘तुला कुठला वाटतो?’’ आबांनी मला विचारलं.

मी विचार करून जाड उचलला. बारीक तार रुतते, जाड दोर रुतत नाही, हे विहिरीवर पाणी ओढणाऱ्या कोणालाही सांगावं लागत नाही.

‘‘घालून बघ.’’

मैनेने तो घेतला खरा, पण तिला तोंड मिटता येईना. लाळ गळायला लागली, जीभ बाहेर यायला लागली. आबांनी पुन्हा तिचा ओठ उचलून मला दाखवलं. तिचं तोंड लहान, जीभ मांसल, वरचा टाळू खाली आलेला. आत जागाच नव्हती. ‘‘जाड म्हणजे मऊ, हे बरोबर. पण मावला तर! आपल्याला काय मऊ वाटतं हे तिला विचारल्याशिवाय कसं ठरवायचं?’’

एका सांध्याचाही त्यांनी बाजूला ठेवला. दोन्ही मुठींत धरून त्याची टोकं ओढून दाखवली. मधला सांधा अडकित्त्यासारखा घडी होऊन वर आला. ‘‘हा पुष्कळांना चालतो. हिचा टाळू खाली आहे, हिला वर टोचेल.’’ लांब दांड्यांचा त्यांनी उघडलाच नाही. दांडीची तरफ होते, हाताच्या जोराला तोंडात दुपटी-तिपटीने वाढवते, तो निव्वळ मुरलेल्या हातासाठी. शेवटी राहिला दोन सांध्यांचा. त्यातला मधला तुकडा जिभेवर सपाट बसतो आणि ओढ जिभेवर, हिरडीवर, ओठांवर वाटली जाते.

मग माप. आबांनी सुतळीच्या एका टोकाला गाठ मारली, ती मैनेच्या तोंडातून आडवी नेली, एका ओठाच्या कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि तिथे दुसरी गाठ मारली. साडेचार इंच भरली. लगाम पाच इंचांचा हवा, म्हणजे दोन्ही बाजूंना पाव पाव इंच मोकळं. तंग असला तर कड्या ओठ चिमटतात, फार रुंद असला तर तोंडात इकडून तिकडे घसरतो आणि घासतो. पेटाऱ्यातला सव्वापाचाचा निघाला. मला वाटलं पाव इंचाने काय होतंय. आबांनी तो परत फडक्यात गुंडाळला. अण्णा दुसऱ्या दिवशी पावसात नेरळला उतरले, तिथून कल्याणला गेले, आणि पाच इंचांचा घेऊन आले.

घालायच्या आधी आबांनी बोटाचं टोक दांडीवरून, सांध्यांवरून, कड्यांच्या भोकांतून फिरवलं, कुठे कूस आहे का पाहायला. मग लोखंड दोन्ही तळव्यांत धरून ठेवलं. पावसाळी गार लोखंड कोणाच्याही तोंडात घातलं तर तो तोंड फिरवणारच. ऊब आल्यावर त्यावर गूळ चोळला आणि मैनेच्या नाकाशी धरला. तिने हुंगलं, चाटलं, मान वाशांकडे न्यायची म्हणून अर्धी वर केली, आणि खाली आणली. आबांनी अंगठ्याने कोपरा उघडला. तिने स्वतःच तोंडात घेतला.

गालावरच्या पट्ट्या त्यांनी तीनदा बदलल्या. एकदा लोखंड फार खाली राहिलं. तेवढ्याने जीभ त्याच्यावरून काढायची खोड लागते. एकदा फार वर गेलं, ओठ ताणल्यासारखे झाले. तिसऱ्यांदा ओठाच्या कोपऱ्यात एकच सुरकुती पडली, माणूस किंचित हसल्यावर पडते तेवढी. नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जातात की नाही ते त्यांनी माझ्याच बोटांनी पाहिलं. मैना तोंडातल्या तोंडात चघळत उभी होती. गळणारी लाळ पांढरी होती. मी ती हातावर घेऊन उजेडात नेऊन पाहिली.

मला वाटलं, झालं.

‘‘अर्धं झालं,’’ आबा म्हणाले. त्यांनी लगाम उतरवला, लोखंड माझ्या दोन मुठींत दिलं, मला पाठमोरा बसवलं, डोळे मिटायला लावले, आणि वाद्या अण्णांच्या हातात दिल्या. ‘‘हा घोडा. याला डावीकडं वळव, मग थांबव. तोंडानं बोलायचं नाही.’’

अण्णांनी डावीकडे वळवलं तसा माझा हात खांद्यापासून हिसकला. थांबवलं तेव्हा लोखंड बोटांच्या पेरांवर आदळलं. मी थांबलो. पण ओढ थांबली नाही. मी थांबलोय हे मागे पोचलंच नव्हतं. डोळे मिटून मी नुसती ती ओढ धरून बसलो होतो, आणि माझ्या हातांना कळत होतं की अण्णा घाबरलेले आहेत. हप्ता, गिऱ्हाईक, त्या बाईंचं पडणं, दस्तुरीवरची ती पोरं, सगळं त्या दोन वाद्यांतून माझ्या मुठीत येत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणून आलं की कशाने, ते सांगता येणार नाही.

आबा म्हणाले, ‘‘आता तू घोडा हो.’’

अण्णा, चाळिशीचा दणकट गडी, मातीत मांडी घालून बसले आणि डोळे मिटून लोखंड मुठीत धरलं. आबांनी वाद्या घेतल्या. मला ओढ दिसलीच नाही. करंगळीशेजारचं बोट मिटलं एवढंच दिसलं. अण्णांचा डावा हात वळला, आणि तो वळायला लागला त्याच क्षणी आबांचं बोट उघडलं. पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. असं बराच वेळ चाललं. पत्र्यावर पाऊस वाजत होता. अण्णांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. डोळे न उघडता ते म्हणाले, ‘‘तुम्ही सोडता तेव्हा बरं वाटतं.’’

‘‘त्याच्यासाठीच ती ऐकते,’’ आबा म्हणाले.

पुढे कॉलेजात असताना मला ग्रीक सेनानी झेनोफन याचं अश्वविद्येवरचं पुस्तक वाचायला मिळालं. येशूच्या आधी चौथ्या शतकातलं. कडक लोखंड वापरूच नये असं तो म्हणत नाही. एक गुळगुळीत आणि एक खरबरीत असे दोन लगाम बाळगावेत, असं तो सांगतो. पण घोड्याने मान दिली की लगाम त्याला तिथल्या तिथे सैल द्यावा, हे त्यानेही लिहून ठेवलं आहे. आबा कधी शाळेत गेले नव्हते. मी त्यांना ते वाचून दाखवलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की त्याची घोडी कुठल्या रंगाची होती.

दसऱ्याला मैनेला झेंडूची माळ घातली, खुरांना हळद-कुंकू लावलं आणि धंदा सुरू झाला. दिवाळीच्या गर्दीत, त्याच पॅनोरमाच्या वाटेवर, पुन्हा एक माकड धपकन पुढ्यात पडलं. मी मागे दुसऱ्या घोड्याबरोबर होतो. मैनेचे कान ताठ झाले, अंग आकसलं, दोन पावलं आडवी उडाली. अण्णांचा हात मुठीपर्यंत आवळला गेला, मला लांबूनही दिसला, आणि मग उघडला. आवळला, उघडला. ते तिच्याशी काहीतरी पुटपुटत होते. ती थांबली. फुरफुरली. डोकं खाली करून तोंडातलं लोखंड चघळायला लागली. पाठीवरच्या आजोबांना काही झालंय हे कळलंसुद्धा नाही. ते म्हणाले, ‘‘माकडं फार दिसतात हो इकडे.’’

त्यानंतर साधारण वर्षाने एका सकाळी शेजारच्या तबेल्यातला एक तरुण घोडेवाला आमच्याकडे आला. त्याचा नवा घोडा तोंडाचा कडक होता, दोनदा उधळला होता. भिंतीवरच्या काटेरी लगामाकडे बोट करून म्हणाला, ‘‘अण्णा, तो तुम्ही वापरत नाही. चार दिवस द्या. नुसता धाक बसेपर्यंत.’’

अण्णांनी तो उतरवला. त्यावर गंज चढला होता, दाते मात्र तसेच होते. मला वाटलं, देतात की काय. ते ओट्यावर आबांच्या शेजारी बसले. वाद्या त्या पोराच्या हातात दिल्या, दात्यांची दांडी स्वतःच्या उघड्या मुठींत धरली आणि डोळे मिटले.

‘‘थांबव मला,’’ ते म्हणाले. ‘‘घोड्याला थांबवतोस तसं ओढ.’’